पोरींच्या मापाचं दार

आमचं घर आणि अब्बांचं वेल्डिंगचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही पत्र्याची. त्यामुळे मुदखेडच्या त्या घरात आम्ही जेवलो काय, अभ्यास केला काय, भांडलो काय, सगळं लोखंडाच्या आवाजात. हातोडीचा ठणठणाट, कानशीची करकर, आणि वीज असेल तेव्हा वेल्डिंगचा तो चरचराट, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. वीज गेली की दुकान गप्प व्हायचं. मग स्टेशनाकडून डबे जोडल्याचे दणके ऐकू यायचे आणि अम्मीच्या हातच्या भाकरीची थापथापही. अम्मीला नुसत्या आवाजावरून काम ओळखता यायचं. चुलीजवळ बसूनच ती सांगायची, आज खिडकीची जाळी चालू आहे, आज कुणाच्या तरी ट्रॉलीचा कडा निघालेला दिसतोय. सकाळी आम्ही चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन शाळेत जायचो, दुपारी डब्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी किंवा शेंगदाण्याची चटणी असायची. शुक्रवारी संध्याकाळी मात्र बगारा भात आणि खट्टी दाल, आणि त्या दिवशी अब्बा हात घासून घासून धुवायचे. तरी नखांतलं काळं काही जायचं नाही.

आम्ही दोघी बहिणी, मी थोरली. अब्बा कुठं माप घ्यायला निघाले की टेपचं दुसरं टोक धरायला मी जायचे. नातेवाईक म्हणायचे, भाऊ नाही म्हणून बिचारी करते. तसं काही नव्हतं, मला ते काम आवडायचं. दहा वर्षांची असताना मला इंच आणि इंचाच्या आठव्या भागाचं सूत कळत होतं, कुठली पट्टी वाकेल आणि कुठली तुटेल तेही कळत होतं. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी. हे लिहिताना मी घरातलं बोलणंही मराठीतच लिहिते आहे, कारण अब्बा माझ्याशी दखनीत बोलत असले तरी माप मात्र मराठीतच सांगायचे. का ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शाळा दुमजली होती. खाली मुलगे, वर आठवी ते दहावीच्या मुली. मी आठवीत असताना मधल्या सुट्टीत बाहेरची दोन पोरं जिना चढून वर आली आणि भिंतीवर आमच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव लिहून पळाली. त्या मुलीचा काही दोष नव्हता. तरी त्याच आठवड्यात तिची शाळा सुटली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. बाकीचे पालक शाळेत येऊन म्हणाले, बंदोबस्त करा, नाहीतर आमच्याही पोरी घरी नेतो. मग हेडमास्तरांनी, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, जिन्याच्या तोंडाशी सरकती लोखंडी जाळी बसवून घेतली. ती जाळी केली अब्बांनी. आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही त्यांनी. बसवून झाल्यावर मला हाताला धरून दाखवायला नेलं आणि म्हणाले, "नसरीन, आता इथून वारा पण विचारून जाईल." माझी छाती फुगली. वर्गातल्या सगळ्या जणींना मी सांगितलं, ही माझ्या अब्बांनी केली.

प्रार्थना झाली, मुली वर गेल्या, की शिपाई मारुतीमामा जाळी ओढून कुलूप लावायचे. मधल्या सुट्टीत उघडायचे, पुन्हा लावायचे, संध्याकाळी शाळा सुटताना उघडायचे. किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोट्याला बांधलेली असे. दोन वर्षं असंच चाललं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मी दहावीत गेले तेव्हा बिराजदार बाई आल्या. त्या लातूरकडच्या होत्या. भूकंपाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती आणि लातूरकडचं माणूस म्हटलं की गावात लोक आधी आवाज खाली आणून बोलायचे. बाईंची आई आणि धाकटी बहीण त्यात गेल्या, हे आम्हाला त्या येण्याआधीच कळलं होतं. त्या शाळेमागच्या एका खोलीत राहायच्या आणि खोलीचं दार दिवसभर उघडं असायचं. आत कुणी डोकावलं तरी त्यांना चालायचं, दार लावलेलं चालायचं नाही. गणित शिकवायच्या, कडक होत्या, हसायच्या कमी. स्वतःबद्दल एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "आमच्या गावात शाळा पडली तेव्हा पहाट होती. आत कुणी नव्हतं. पण दिवसा पडली असती तर काय झालं असतं, हे मी रोज मोजते."

त्यानंतर त्यांनी आम्हाला काम दिलं. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूला शाळेचा नकाशा काढायचा, आणि जिथं जिथं आपल्याला भीती वाटते तिथं लाल पेन्सिलीनं खूण करायची. खालच्या मुलांनाही तेच काम. आम्ही हसलो. शाळेत कसली भीती, एक बाईंचीच. पण पेन्सिल हातात आल्यावर खुणा संपेनात. मुलांनी प्रयोगशाळेतला उघडा वीजबोर्ड दाखवला, हौदाचं फुटलेलं झाकण दाखवलं, मुतारीमागची हलणारी भिंत दाखवली. मुलींनी संडासाची कडी नसलेली दारं दाखवली, जिन्याचं अंधारं वळण दाखवलं. बाई एकेक खूण पाहायला स्वतः त्या जागी जायच्या आणि ज्यानं खूण केली त्यालाच विचारायच्या, "आता सांग, इथं काय करायला हवं?" आजवर आम्हाला शाळेत उत्तर विचारलं जायचं, मत कुणी विचारलं नव्हतं.

मी जिन्याच्या तोंडाशी खूण केली आणि लगेच खोडली. माझ्या शेजारी रुक्मी बसायची. तिचे वडील शेतकरी, गाव चार किलोमीटरवर, ती रोज सायकलनं यायची. तिनं ते पाहिलं. "का पुसलंस गं?" म्हणाली. मी म्हटलं, चुकून झाली. ती म्हणाली, "चुकून न्हाई झाली. मला पण तिथंच भ्याव वाटतंय, पर तुझ्यामुळं मी केली न्हाई."

खोडलेलं बाईंच्याही नजरेतून सुटलं नाही. कागद उजेडाकडे धरून त्यांनी विचारलं, "इथं काय होतं?" मी मग म्हणाले, "बाई, ती जाळी माझ्या अब्बांनी केलीय." मला वाटलं, बाई आता कागद बाजूला ठेवतील. त्या म्हणाल्या, "मग त्या जाळीबद्दल तुझ्याइतकं कुणालाच माहीत नसणार. माप घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी घरातून टेप नेला. जिना बावन्न इंच रुंद होता. जाळीचे दोन पल्ले होते, दोन्ही सरकावेत असेच अब्बांनी केले होते, पण खालच्या रुळात माती आणि खडूचे तुकडे साचून एक पल्ला बसला होता. एकच उघडायचा. सव्वीस इंच. दोनशेवर मुली, आणि दप्तरासकट एका वेळी एक. मग रुक्मीनं आणि मी मारुतीमामांवर नजर ठेवली. मामा वाईट माणूस नव्हते, पण शाळेचं सगळं बाहेरचं काम त्यांच्याकडेच. किल्ली लागली तर ती कुठं सापडेल, याची आम्ही आठवडाभर, संध्याकाळी त्यांनाच विचारून, नोंद केली. एकदा चहाच्या टपरीवर, एकदा पोस्टात, एकदा मोठ्या सरांच्या घरी गॅसची टाकी पोचवायला. एके दिवशी वर एका मुलीला फिट आली, तर जाळी उघडायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही तिला जिन्यावर मांडीवर घेऊन बसलो होतो. ती बरी झाली, पण नंतर मला त्या जाळीकडे पाहवेना.

बाई आम्हा दोघींना घेऊन मोठ्या सरांकडे गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "तुमचं खरं असेल. पण ही जाळी नसती तर वरच्या निम्म्या पोरी आज शाळेत नसत्या. मी हे कुलूप हौसेनं लावून नाही राहिलो." तेही खरंच होतं. शेवटी म्हणाले, शनिवारी पालकसभा घेऊ, पालक म्हणतील तसं करू. बाहेर आल्यावर रुक्मी म्हणाली, "झालं. पालक तर कुलूपच मागणार."

घरी सांगणं बाकी होतं. दुकान बंद करून अब्बा आत आले, जेवायला बसले, आणि मी बोलायला सुरुवात केली. सव्वीस इंच, अकरा मिनिटं, सगळं सांगितलं. अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला. "माझ्या कामात खोट आहे, असं तू शाळेत सांगितलंस?"

"कामात नाही, अब्बा. कुलपात."

"कुलपाची कडी कुणी लावली?"

ते उठून हात धुवायला गेले. अम्मी म्हणाली, "जाळी निघाली तर तू पण घरी. मी सांगून ठेवते." नंतरचे दोन दिवस अब्बांनी माझ्याकडून टेप धरून घेतला नाही. हवा तिथं खिळा ठोकून टोक अडकवायचे आणि एकटेच माप घ्यायचे. आयुष्यात बोलणी खूप खाल्ली, पण त्या खिळ्याइतकं मला काही लागलं नाही.

सभेत काय करायचं ते मला त्या दोन दिवसांत सुचलं. बाईंना सांगितलं. त्या सरांची परवानगी घेऊन आल्या. सर म्हणाले होते, करा, त्यात काय.

शनिवारी ऐंशीएक पालक आले. धोतरवाले, पँटवाले, बुरख्यातल्या आया, कडेवर लेकरं घेतलेल्या आया. बाई म्हणाल्या, आज तुम्ही वर मुलींच्या बाकांवर बसायचं, मुली खाली मैदानात थांबतील, आणि घंटा झाली की तुम्ही खाली यायचं. एवढंच. लोक हसत हसत वर गेले. अब्बा आणि अम्मीही गेले, मोठे सरही गेले. बाकात कुणाचे गुडघे मावेनात, त्यावरून थट्टा चालली होती, ती खालपर्यंत ऐकू येत होती. मारुतीमामांना कुणी काही सांगितलं नव्हतं. बाई फक्त म्हणाल्या, "मामा, रोजच्यासारखं." मामांनी रोजच्यासारखं कुलूप लावलं आणि सभेसाठी चहा सांगायला स्टेशनाकडच्या हॉटेलात गेले.

रुक्मीनं घंटा वाजवली. पालक बोलत, रेंगाळत जिना उतरू लागले. पुढचे जाळीपाशी आले आणि थांबले. "कुलूप हाय," असं कुणीतरी म्हणालं. पण ते वळणावरच्यांना ऐकू गेलं नाही, ते उतरतच राहिले. त्यांच्या मागचेही उतरत राहिले. हसणं अजून चालू होतं. मग पुढून कुणी ओरडलं, ढकलू नका. मागून कुणी विचारलं, काय झालं. एक लेकरू रडायला लागलं आणि त्याच्या आवाजानं सगळं बदललं. जिन्यात अंधार, माणसावर माणूस. मी मैदानातून पाहत होते. जाळीच्या चौकोनांतून बोटं बाहेर आली होती, त्यांत एक हात माझ्या अम्मीचा होता. तिच्या हिरव्या बांगड्या मला दिसल्या. ती नकाब वर करून तोंड जाळीला लावून श्वास घेत होती. तिच्या शेजारी अब्बा, दोन्ही हातांनी स्वतःचीच जाळी धरून हलवत होते. ती तसूभरही हलत नव्हती. अब्बांचं काम पक्कं असायचं.

मला हे होईल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, लोक दोन मिनिटं अडकतील, चिडतील, समजतील. अम्मीचा श्वास कोंडेल हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी पळत सुटले. हॉटेलपर्यंत कशी पोचले आठवत नाही. मामा किटली धरून उभे होते. मी त्यांच्या कमरेकडे बोट दाखवलं. तेही किटली टाकून धावले. म्हातारे पाय, तरी माझ्याबरोबर धावले. धावता धावता करदोट्याची गाठ सोडवू लागले, ती सुटेना, शेवटी ओढून तोडली. कुलूप उघडलं तेव्हा माणसं सव्वीस इंचांतून एकेक करून बाहेर पडू लागली.

अम्मी पायरीवरच बसली. रुक्मीनं पाणी आणून दिलं. मी समोर उभी होते, मार बसेल या तयारीनं. अम्मी पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "तू रोज याच्या आत असतेस?"

सभा मैदानातच झाली. एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, ही काय थट्टा लावली, आम्हाला कोंडलं. बाई म्हणाल्या, "खरंय. मीही माफी मागते. पण तुम्ही सहा मिनिटं होता, आणि आज काही घडलेलं नव्हतं." मग अब्बा उठले. ते सभेत बोलणारे नव्हते. त्यांना मराठी बोलताना शब्द शोधावे लागायचे. म्हणाले, "जाळी मी केली. माप घेताना मी चोराचा इचार केला. पोरींचा केला न्हाई. उद्या मी ती काढतो."

तरी दुसरे एक वडील म्हणाले, "काढा, पर मग माझी पोरगी उद्यापासून घरी." आणखी चार माना हलल्या. इथं सगळं अडलं. मोठे सर माझ्याकडे पाहू लागले, जणू आता तूच सांग. तेव्हा रुक्मी उभी राहिली. घाबरली की ती जास्तच गावाकडचं बोलायची. "आमच्या शेतावरल्या खोलीला आतून आडसर हाय," ती म्हणाली. "बाहेरच्याला उघडत न्हाई. आतल्याला किल्ली लागत न्हाई. तसं का न्हाई करायचं?"

मग अब्बांनी खिशातून टेप काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन दुसरं टोक धरलं.

मोठ्या सरांची एक शंका उरली होती. "कडी मुलींच्या हातात दिली तर मुली उघडून खाली येतील." बाई म्हणाल्या, "येतील सर. आणि परत वर जातील."

नवं दार करायला अब्बांना पंधरा दिवस लागले. जिन्याच्या पूर्ण रुंदीचे दोन पल्ले, दोन्ही बाहेर उघडणारे, खाली रूळ नाही, आत एकच आडवी दांडी. जुन्या जाळीच्या सळया कापून त्यांनी त्यातच वापरल्या. दांडी किती उंचीवर लावायची यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. अम्मीसुद्धा त्यात बोलली. शेवटी मी आठवीतली सगळ्यांत बुटकी मुलगी शोधून दुकानात घेऊन आले. तिला भिंतीशी उभं करून अब्बांनी तिच्या कोपराच्या उंचीवर खडूनं रेघ मारली. मग दांडी तिच्याकडून उचलून घेतली. जड गेली. कानशीनं घासली, पुन्हा उचलायला लावली. असं चारदा. पाचव्यांदा तिनं ती एका हातानं वर केली, तेव्हा अब्बांनी तिला गूळ-शेंगदाणे दिले आणि म्हणाले, "झालं. आता ही उघडू शकते म्हणजे सगळ्या उघडू शकतात."

मुलांनीही त्यांच्या खुणा मिटवल्या. वीजबोर्डाला लाकडी पेटी आली, हौदाला झाकण आलं. भिंत मात्र तशीच राहिली, तिला वरून मंजुरी हवी होती. मग त्यांनी तिच्या अलीकडे दगडांची रांग लावून कुणी तिकडे फिरकणार नाही असं केलं. आणि दर महिन्याला एक दिवस, कधी ते न सांगता, बाई घंटा वाजवायच्या. आधी बाकाखाली, हलणं थांबलं की रांगेनं खाली, मैदानात वर्गवार बसायचं, आणि प्रत्येक वर्गाच्या दोघींनी मोजायचं. दाराच्या दांडीची पाळी आठवीची. सगळ्यांत शेवटी वर्ग पाहून निघायची पाळी दहावीची, म्हणजे आमची. पहिल्या वेळी गोंधळ झाला, दुसऱ्या वेळी हसू आलं, चौथ्या वेळी कुणी हसलं नाही.

आता मी लातुरात राहते. केस पांढरे व्हायला लागलेत, गुडघे कुरकुरतात. पुढं मी डिप्लोमा केला आणि तेव्हापासून इमारतींचे नकाशे तपासण्याचं काम करते आहे. शाळेचा नकाशा समोर आला की मी आधी दारं पाहते. तरुण इंजिनियर म्हणतात, मॅडम, नियमात बसतंय ना. मी म्हणते, बसतंय, पण त्या शाळेतल्या पोरांना विचारलं का? ते पुढचा नकाशा उघडतात. एक-दोघे मात्र खरंच जाऊन विचारून आले. आल्यावर त्यांनी स्वतःच नकाशा बदलला. त्यांना पोरांनी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

पण मला सांगायचंय ते दहावीच्या त्या हिवाळ्यातल्या दुपारचं. मधली सुट्टी संपून तास सुरू झाला होता. बाई फळ्यावर त्रिकोण काढत होत्या. आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातून मालगाडी जावी तसा. मग बाक हलले, खिडक्यांच्या काचा वाजल्या. आमच्या भागात तेव्हा असे लहान धक्के बसायचे, पण हा लहान नव्हता. कुणीतरी "बाकाखाली" म्हणालं आणि सगळ्या जणी बाकाखाली गेल्या. ते मीच म्हणाले होते, असं नंतर मला सांगण्यात आलं. बाकाखालून मला बाईंचे पाय दिसत होते. त्या फळ्यापाशी तशाच उभ्या होत्या. खडू हातात होता आणि त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

हलणं थांबलं. धूळ उतरत होती. रुक्मीनं दार उघडून धरलं आणि मुली रांगेनं निघाल्या. एकमेकींचे हात धरून, न धावता. खालून दांडी वर उचलल्याचा आवाज आला आणि मग पल्ले भिंतीला आपटल्याचा. वर्ग रिकामा झाला. मी बाईंजवळ गेले. त्या माझ्याकडे पाहत होत्या पण मी त्यांना दिसत नव्हते. "ती आत आहे," त्या म्हणाल्या. अगदी हळू. कोण, ते मी विचारलं नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत कुणी नाही बाई. मी सगळे वर्ग पाहते, तुम्ही माझ्याबरोबर चला." आणि खरंच, त्यांना हाताला धरून मी तिन्ही वर्गांत डोकावले. त्यांनाही दाखवलं. आठवीच्या वर्गात छताच्या गिलाव्याचा मोठा तुकडा बाकांवर पडला होता. एका बाकाची फळी मोडली होती. बाक रिकामा होता. बाईंनी तो पाहिला, आणि त्यांच्या हातानं माझा हात घट्ट धरला. मग आम्ही खाली उतरलो.

मैदानात एका बाजूला खालची मुलं होती, दुसऱ्या बाजूला मुली वर्गवार बसल्या होत्या. एकीच्या कोपराला खरचटलं होतं, दोघी रडत होत्या, बाकी सगळ्या नुसत्या धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. बाई मैदानातल्या कडुलिंबाखाली बसल्या. वर्ग पाहताना उचलून आणलेल्या हजेऱ्या घेऊन मी मोजायला सुरुवात केली. तोवर अख्खा गाव शाळेकडे धावत होता. फाटकाशी माणसांची दाटी झाली, नावं घेऊन हाका सुरू झाल्या, आणि लोक आत घुसून आपापल्या पोरी उचलायला लागणार एवढ्यात गर्दीतून अब्बा पुढे आले. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर तसाच होता. पायात एकच चप्पल होती. त्यांची नजर माझ्यावर पडली. मला वाटलं, ते धावत येतील. मी हजेरीतून मान वर करून म्हणाले, "अब्बा, रांगेत येऊ नका. मोजणी चालू आहे."

ते जागच्या जागी थांबले. मग वळले, फाटकाकडे तोंड केलं, आणि दोन्ही हात आडवे पसरून त्या सगळ्या माणसांसमोर उभे राहिले. "थांबा जरा," ते म्हणाले. या वेळी त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. "पोरी मोजून राहिल्यात."

आणि लोक थांबले. मोठे सर थांबले, अम्मी थांबली, रुक्मीचे वडील बाजारातच बैलगाडी टाकून आले होते तेही थांबले. आठवी झाली, नववी झाली, दहावी झाली. मी दुसऱ्यांदा मोजलं. मग उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "दोनशे सात. सगळ्या."